वहिनींची पहिली थाप

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक माणूस राहायचा, त्याला सगळे तळमजला म्हणायचे. संध्याकाळी घरी परतला की पहिल्याच पायरीशी त्याचं आणि जिन्याचं वाजायचं, आणि दर वेळी जिना जिंकायचा. मग हा तिथेच, टपालाच्या पेट्यांखाली, हत्यारांची पिशवी उशाला घेऊन आडवा. त्याच्या श्वासाने भिंतीवरच्या पाली पटापट खाली पडायच्या. त्यातली एक शुद्धीवर आली आणि दुसऱ्या संध्याकाळी वेळेआधीच येऊन त्याची वाट बघत बसली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. धंद्याने तो लिफ्टचा मेकॅनिक. शहरभराच्या लोकांना विसाव्या मजल्यावर बिनघोर पोचवायचा, आणि स्वतःला तिसरा गाठता येत नव्हता.

बायको शिवणकाम करायची. दाराशीच मशीन, पायाखाली चिंध्या, तोंडात टाचण्या. तिला खोटं बोलता येत नसे. त्यात सद्गुण वगैरे काही नव्हता. काही लोकांना उचकी लागते तसं तिला खरं लागायचं. एक जाडजूड गृहस्थ कोट घट्ट झाला म्हणून भांडायला आले, तर टाचण्या न काढता तिने सांगितलं की कापड होतं तेवढंच आहे, वाढलात तुम्ही. लोक चिडायचे, पण पुन्हा तिच्याकडेच यायचे. आणि रस्त्यात दोघांचं कशावरून जुंपलं की चला, वहिनींना विचारू, म्हणत तिच्या दाराशी यायचे. ती बोलेल ते शेवटचं.

तिसरा माणूस खारुताई. नावावर जाऊ नका, चांगला मिशाळ बाप्या होता. ज्या उभ्या भुयारातून लिफ्ट वरखाली करते त्याला हे लोक विहीर म्हणतात. त्या विहिरीतल्या लोखंडी रुळांवरून तो सरसर चढायचा, म्हणून खारुताई. हा तळमजल्याचा जोडीदार.

लिफ्टचं काम जोडीशिवाय होत नाही. एकाने लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, विहिरीत, डोक्याला दिवा बांधून. दुसऱ्याने सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत, ब्रेकच्या दांड्यावर. टपावरच्याने हाक दिली की वरच्याने ब्रेक जरा सैल करायचा, लिफ्ट हातभर सरकली की आवळायचा. तुम्हाआम्हाला वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट खाली कोसळते. तसं नसतं. रिकाम्या लिफ्टपेक्षा दोराच्या पलीकडचं वजन जड असतं. ब्रेक सुटला की ती वर पळते, टपावरच्या माणसाला घेऊन, छताकडे. म्हणजे एकाचा जीव दुसऱ्याच्या मनगटात.

एकदा अशीच ती पळाली होती. खारुताईचा डावा पाय टप आणि भिंतीतल्या लोखंडाच्या मध्ये सापडला आणि दोन बोटं गेली. तळमजल्याने त्याला पाठुंगळीला घेऊन सगळे मजले उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. तेव्हापासून खारुताई भेटेल त्याला बूट काढून दाखवायचा: दोन बोटं झिजलेल्या ब्रेकने खाल्ली, बाकीची माझ्या या दोस्ताने वाचवली. तळमजला तेव्हा दुसरीकडे बघायचा. आम्ही म्हणायचो, काय विनय आहे.

ब्रेक झिजलेला नव्हता. दांड्यावरचा हात प्यायलेला होता. आम्हा सगळ्यांना हा संध्याकाळचा पिणारा वाटायचा. सकाळची तो चहाच्या थर्मासमधून घ्यायचा. थर्मासचं वहिनींना ठाऊक होतं. बोटांचं त्याच्याशिवाय कुणालाच नाही.

मग एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, दारू तरी सोडा नाहीतर बायकोला तरी. व्यसनमुक्ती केंद्रात खाट रिकामी व्हायला अवकाश होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की तोवर एकदम बंद करायची नाही, झटके येतील, माणूस हातचा जाईल. थोडी थोडी कमी करत आणायची, आणि ती घरच्या माणसाने मोजून द्यायची.

तेव्हा ज्या बाईने लग्नापासून बाटल्या मोरीत ओतल्या, तिनेच आता औषधाच्या झाकणाने मोजून नवऱ्याच्या हातात दारू द्यायला सुरुवात केली. सकाळी इतकी, दुपारी इतकी. तो झाकणाकडे असा बघायचा की जणू त्यात बुडी मारणार आहे. आणखी थोडी म्हणायचा, पाया पडायचा, शिव्या द्यायचा, रडायचा. ती झाकण धुऊन फडताळात ठेवायची, कुलूप लावायची आणि मशीनवर बसायची. त्या आठवड्यांत तिने शिवलेल्या कपड्यांची शिवण एकजात वाकडी आहे. माझ्याकडे त्यातला एक पायजमा आहे, तो घातला की मी डावीकडेच चालतो.

केंद्राचे नियमही तिने तसेच पाळले. पायजम्याला नाडी चालत नाही, कुणी गळ्याला लावील ही भीती, म्हणून सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक. दाढीनंतर लावायचं सुगंधी पाणी चालत नाही, कारण तिथले लोक तेही पितात. बूट बिनलेसचे. सगळी तयारी झाली, फक्त एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही: लोकांना काय सांगायचं.

तो पहाटे गेला. सकाळी खारुताई नेहमीसारखा दाराशी उभा, चल म्हणत. वहिनींच्या तोंडात टाचण्या होत्या. कामावर पिणाऱ्याला लिफ्टच्या कंपनीचा मालक त्या क्षणी काढतो, हे तिला माहीत होतं. आणि समोर नवऱ्याचे उपकार मानणारा, दोन बोटं नसलेला माणूस उभा होता. टाचण्यांतून वाट काढत तिने सांगितलं, "परदेशी गेलेत. कामाला."

आयुष्यातली पहिली थाप, आणि ती तिच्या तोंडची, म्हणजे जागच्या जागी खरी झाली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही सतरा प्रश्न विचारले असते. एवढं विचारल्यावर ती थाप तिथेच मेली असती. पण वहिनी म्हणाल्या ना. मग काय, आम्ही ती वाढवायला घेतली. संध्याकाळपर्यंत त्याला समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरी लागली. आठवड्यात हॉटेल नव्वद मजली झालं. मी फक्त लिफ्टमध्ये कोच टाकला. समोरच्या न्हाव्याने तिथल्या राजाला त्या कोचावर बसवलं आणि राजाने तळमजल्याला नाव विचारलं. खारुताई सगळ्यांत जास्त फुगला. मला न सांगता गेला म्हणून आधी रुसला, मग त्याच्याच गोष्टी सांगत फिरला. वहिनी मान खाली घालून मशीन चालवायच्या. आम्ही म्हणायचो, काय विनय आहे.

इकडे नव्वद मजली हॉटेलातला तो माणूस एका लांबट खोलीत लोखंडी खाटेवर थरथरत होता. पहिले दिवस त्याला भिंतीतून मुंग्या येताना दिसल्या. नंतर मुंग्या गेल्या आणि तो एकटा राहिला, ते जास्त वाईट. पुढे त्यांना गोल बसवत आणि ज्याने त्याने आपलं सांगायचं. तो पुष्कळ दिवस लिफ्टचीच माहिती देत बसला. शेवटी एकदा बोटांचं बोलला. तिथल्या समुपदेशक ताई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या की बाहेर गेल्यावर ज्याच्याबरोबर काम करणार त्याला हे कळलं पाहिजे, नाहीतर तुमचं सोडणं तुमच्या एकट्याच्या खिशात राहील, आणि खिसा फाटतो. त्याने कबूल केलं. वहिनी भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी थापेचं सांगितलं, तर तो हसला. घरी जाऊ आणि मिटवू, म्हणाला. ती थाप केवढी झालीय, हे त्याला कुठे ठाऊक.

परतला त्या दिवशी अख्खा रस्ता खाली. बॅग दोघांनी उचलली. न्हाव्याने राजाची खुशाली विचारली. मालकाने निरोप ठेवला होता की परदेशचा अनुभव वाया जाऊ देऊ नका, नव्या उंच इमारतीच्या सगळ्या लिफ्टा तुमच्या हाताखाली. तळमजला काही बोलणार तोवर खारुताईने मिठी मारली आणि कानात म्हणाला की लेका, आता पार्टी.

सोडली म्हणून सांगून पाहिलं. सगळे खो खो हसले, कारण दर हिवाळ्यात तो एकदा सोडायचा. मग पित्त झालं. मग दाढ दुखली. मग कसल्यातरी गोळ्या सुरू झाल्या, ज्यांच्यावर चालत नाही. एकेक कारण चार-आठ दिवस पुरायचं. खारुताई दर वेळी दोन ग्लास भरायचा आणि दर वेळी दोन्ही स्वतःच प्यायचा. शेवटी तो जिन्यात सगळ्यांसमोर बोलला:

"बाहेरची प्यायलाय ना भाऊ. आमच्या ग्लासातली आता कशी उतरणार त्याच्या घशाखाली?"

हसत बोलला, पण हसणं ओठांवरच होतं. तळमजल्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं की उद्या सगळं बोलून टाकतो. ती म्हणाली, बोला. मग बराच वेळ काज शिवत बसली आणि म्हणाली की नव्या इमारतीचं काम एकदा हातात येऊ दे, मग बोला. ती चुकली असं आपण आता म्हणू शकतो. तेव्हा तिच्या दाराशी रोज कुणी ना कुणी न्याय मागायला येत होतं.

पार्टी झालीच, त्यांच्याच खोलीत. मशीनवर चादर टाकून त्याचं टेबल केलं. खुद्द मालक आले, काखेत महागाची बाटली. खोलीत इतकी माणसं कोंबली होती की एकाने खाकरलं की चौघांना घशात बरं वाटायचं. मालक बोलले, टाळ्या झाल्या, खारुताईने ग्लास भरून दोस्ताच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं सांगतो.

वहिनी नवऱ्याला खेटून उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे होतो, म्हणून मला ऐकू आलं. मालकांकडे हसून बघत, ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "नुसती ओठाला लावा. माझ्यासाठी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ग्लास खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"मी परदेशी नव्हतोच," तो म्हणाला. "व्यसनमुक्ती केंद्रात होतो. मी दारुडा आहे. ही प्यायलो तर मरेन."

मग न्हावी फिस्सकन हसला आणि त्याच्यामागून सगळी खोली. मालक पोट धरून हसले. राजाच्या कोचापेक्षा ही भारी, कुणीतरी म्हणालं. तळमजला खरं आहे, खरं आहे म्हणत राहिला, आणि तो जितकं म्हणे तितकं हसू वाढे. खारुताई तेवढा हसला नव्हता. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आमच्या रस्त्याची जी रीत होती तेच केलं.

"वहिनी, तुम्ही सांगा. खरं काय?"

आता बघा. आयुष्यभर ज्या बाईला खरं उचकीसारखं लागायचं, तिच्याकडे पन्नास डोळे लागलेले. मालकांचे, गिऱ्हाइकांचे, दोन बोटं नसलेल्या माणसाचे. नवऱ्याचेही. त्याने एवढ्या आशेने दारूकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल.

"थट्टा करतायत," ती म्हणाली.

पुन्हा हसणं, टाळ्या. त्याने ग्लास उचलला. ओठाला लावला. तिने सांगितलं होतं तेवढंच आधी केलं, नुसता ओठाला. मग डोळे मिटून सगळा संपवला आणि रिकामा ग्लास खारुताईपुढे धरला.

पुढचं सांगायला मजा नाही. सकाळी वहिनींना फडताळातला थर्मास जागेवर दिसला नाही. महागाच्या बाटलीत उरलेली होती, तीही नव्हती. दोघे नव्या इमारतीवर कामाला गेले होते. ती पायांत सापडेल ते घालून धावली. खांद्यावर मापाची फीत तशीच.

इमारत उंच, आणि लिफ्ट तर त्यांनीच उघडून ठेवलेली. ती जिन्याने चढली. कुठल्याशा मजल्यावर विहिरीचं दार उघडं होतं, आत खारुताईच्या डोक्यावरचा दिवा. तो टपावर उकिडवा बसून रुळाला तेल घालत होता. वरच्या खोलीत दांड्यावर तिचा नवरा.

तिचा श्वास लागला होता, पण ती ओरडली नाही. ओरडलं तर वरचा हात दचकेल, एवढं लिफ्टवाल्याच्या बायकोला कळतं. ती दाराशी गुडघ्यांवर बसली आणि हळू म्हणाली, "भाऊजी, बाहेर या. आधी बाहेर या, मग सांगते."

खारुताईने तिचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता टपावरून फरशीवर आला. मग तिने सांगितलं. परदेश नाही. केंद्र. काल ते खरं बोलत होते, मी खोटं. आणि आत्ता ते प्यायलेले आहेत.

खारुताई भिंतीला टेकून खाली बसला. बूट घातलेल्या डाव्या पायावर त्याने हात ठेवला. त्याला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही.

"त्या दिवशी?" त्याने विचारलं.

वहिनींना ते ठाऊकच नव्हतं. त्या गोंधळल्या. पण विहीर आवाज चोरत नाही, खालचं कुजबुजणंही वर स्पष्ट पोचतं. वरून, अंधारातून, तळमजल्याचा आवाज आला, जड, एकेक शब्द सांभाळून ठेवलेला.

"त्या दिवशीही."

खारुताईने वर पाहिलं नाही. उठला, हत्यारं पिशवीत भरली आणि जिन्याने उतरून गेला.

मालकाने तळमजल्याला दुपारीच काढून टाकलं. संध्याकाळी वहिनींनी दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं की मी खोटं बोलले होते. त्यानंतर भांडण घेऊन तिच्या दाराशी कुणी गेलं नाही. कोट बरोबर बसलाय, असं ती म्हणाली की गिऱ्हाईक हं म्हणायचं आणि आरशासमोर जाऊन स्वतः बघायचं. तिला ते दिसायचं. ती पुढचं कापड घ्यायची.

दुसऱ्या खेपेला तळमजला केंद्रात गेला तो भर दिवसा, सगळ्यांसमोर. खिडक्या भरल्या होत्या, पण बॅग उचलायला कुणी उतरलं नाही. परतला तेव्हाही नाही. आता त्याला कुणी ग्लास पुढे करत नव्हतं, तसं दुसरंही काही करत नव्हतं. काम मिळेना. तो आसपासच्या इमारतींचे जिने धुवायचा, आणि जिन्यातून जाणारी माणसं नाक जरा पुढे करून जायची. एकदा तो माझ्या दारात बादली ठेवून उभा राहिला आणि म्हणाला की काका, पूर्वी वास यायचा तेव्हा कुणी हुंगत नव्हतं. मी थाप मारून हसवायला गेलो. मला सुचली नाही.

बऱ्याच महिन्यांनी खारुताई आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच वहिनींशी बोलला. मालकाने दिलेला नवा जोडीदार वर बसून फोनवर बोलतो. अशाच्या हातात जीव देणार नाही. मालकाला सांगितलंय, तळमजल्याला माझ्या जबाबदारीवर घेतो. दोन अटी. रोज सकाळी कामाला लागण्याआधी याने माझ्या तोंडावर फुंकायचं, मजुरांसमोर. आणि दांड्यावर हा कधी बसणार नाही. दांड्यावर मी. टपावर हा.

वहिनी घाबरल्या. दोन बोटं गमावलेल्या माणसाच्या मनगटात नवऱ्याचा जीव. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला घालत होता.

पहिल्या सकाळी मजूर गोळा झाले, एकाने शिट्टी मारली. तळमजल्याने फुंकर घातली. खारुताईने डोळे मिटून वास घेतला, पुन्हा फुंक म्हणाला, पुन्हा वास घेतला. मग मानेनेच विहीर दाखवली. हा टपावर उतरला, दोराला धरून उभा राहिला. वरून लिफ्ट हातभर सरकली. थांबली. पुन्हा हातभर. दुपारपर्यंत दोघांत कामाच्या हाकांशिवाय एक शब्द नाही.

जेवायला दोघे एकाच पायरीवर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तळमजल्याने डबा उघडला आणि पुन्हा झाकला. मग त्याने विचारलं, "माफ केलंस का रे?"

खारुताईने तोंडातलं संपवलं. बोटं पुसली.

"नाही," तो म्हणाला. "उद्या वेळेवर ये."